एका घरात दोन यशोदा

रविवार, दहा मे १९८७, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. पारोळ्यात नवरदेवाचे वडील आधार नाना यांच्या घरी, पुढच्या खोलीत तांदळाने भरलेलं पितळी ताट पाटावर ठेवण्यात आलं. नवरदेव वाल्मीकने बोटातली अंगठी काढली, तांदळाला टेकवली आणि तो तिथेच थांबला. नव्या नवरीचं नाव काय लिहायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

लग्न दुपारी जळगावला लागलं होतं. वऱ्हाड परतलं, माप ओलांडून झालं, आता एवढं एकच उरलं होतं. या घराची रीत अशी, की सुनेचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहायचं. नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहायचं, चारचौघांनी ते मोठ्याने वाचायचं, मग ताट हलवून तांदूळ सारखे करायचे. तांदळावरचं नाव क्षणात पुसलं जाई, बाईला मात्र ते जन्मभर पुरे.

"लिख ना रे," लिलाबाई आत्या म्हणाल्या. ही नानांची धाकटी बहीण. कुठल्याही कार्यात ती पाटाला खेटून बसायची, कारण लांबून दुसऱ्यांच्या चुका नीट दिसत नाहीत.

"काय लिखू?"

"बाप्पा! नाव ठरेल नही का आजून?"

नवरदेवाची आई यशोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तीन दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. समोरचं सगळं त्यांना पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. माणसं हलत होती, बोलत होती, पण आवाज जरा उशिराने पोचत होता.

"आधी पोरीचं खरं नाव तरी विचारा," जीवराम आबा म्हणाले. आबा शेजारचे. श्रावणात पोथी वाचायचे, त्यामुळे नावं ठेवण्याच्या कामात त्यांना वर्षभर मान असे. "बेबी हे काही नाव नाही. बेबी जगात लाखभर असतील."

नवरीने खाली घातलेली मान वर केली. "कागदोपत्री यशोदा आहे," ती म्हणाली.

सासू-सुनेचं नाव एकच निघालं तसा लिलाबाईंचा हात तोंडाशी गेला. "सासूनं नाव वऊले? दादा, तुले माहीत व्हतं?"

"व्हतं ना," आधार नाना म्हणाले. "पत्रिकामा बेबी नाव मीच छापं. पन नाव ते बदलनारच व्हतं, मंग कशाले बोंबलानं?"

"मग बदला की," नवरीची पाठराखीण कमलबाई म्हणाल्या. ही तिची मावशी, जळगावची, आल्यापासून भांडणाची संधी शोधत होती. "पण त्याआधी तिचं ऐकून घ्या."

नवरी शांतपणे म्हणाली, "मला पंधरा जूनला पिंपळनेरच्या शाळेत हजर व्हायचंय. नेमणुकीचा कागद यशोदाच्या नावाने आलाय. दहावी, बारावी, डी.एड., सगळी सर्टिफिकेटं यशोदाच्या नावाची. घरात तुम्ही काहीही म्हणा, पण उद्या लग्नाचा दाखला काढाल, रेशन कार्डावर नाव चढवाल, तिथे दुसरं नाव आलं की मी दोन बायका होणार. त्यातल्या एकीलाच नोकरी आहे."

हे सगळ्यांना पटलं. म्हणूनच अडचण वाढली. सून नोकरीवाली म्हणून सगळ्या भाऊकीत सांगून झालं होतं. पण घरात दोन यशोदा नांदणार कशा? लिलाबाईंचं म्हणणं, "एकीले हाक मारी तं दोन्ही उठी येतीन." नानांचं म्हणणं वेगळंच होतं. सुनेला नावाने रागवायची वेळ आली, तर बायको महिनाभर बोलणार नाही.

"लवकर करा," दारातून रतिलाल म्हणाला. तो फोटोग्राफर. "उजेड चाललाय आणि रोलात दोनच फोटो उरलेत. एक नावाचा, एक सगळ्यांचा. तिसरा मागाल तर मिळणार नाही."

मग तोडगा निघाला. शाळेत यशोदा राहू द्यायची, घरात दुसरं नाव ठेवायचं. नवरीने मान पुन्हा खाली घातली. यशोदाबाईंना ती मान दिसली. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे नावं शोधत होते.

"सीता," नाना म्हणाले.

"चौदा वर्षं वनवास," जीवराम आबा म्हणाले.

"पिंपळनेर दिलंय ना सरकारने," कमलबाई म्हणाल्या. "अजून वेगळा वनवास कशाला?"

"राधा?" नानांनी विचारलं.

"सगळं झालं, लग्न तेवढं राहिलं," आबा म्हणाले.

"गंगा."

"सात पोरं नदीत सोडी तिनी," लिलाबाई म्हणाल्या. "आठवी वेळले नवरा बोलना."

"उर्मिला घ्या," आबा म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच आठवलं. "नको. तिचा नवरा चौदा वर्षं बाहेरगावी."

सगळ्यांनी वाल्मीककडे पाहिलं. तो धुळ्याच्या डेपोत कारकून होता. धुळे इकडे, पिंपळनेर तिकडे. उर्मिला नावावर चर्चा पुढे गेली नाही.

"सुनंदा चांगलं शे," नाना म्हणाले.

"दादा, ते आपली म्हैसनं नाव शे."

"मंग म्हैसनं बदलूत."

"ती नव्या नावावर दूध देवाव नही."

आबांनी डोळे मिटले आणि पोथीतली पानं उलटावीत तशी बोटं हलवली. "उषा," ते म्हणाले. "बाणासुराची मुलगी. तिने स्वप्नात एक तरुण पाहिला. मैत्रिणीने त्याचं चित्र काढलं आणि त्याला झोपेत असताना पलंगासकट उचलून आणलं. जागा झाला तर सासरी."

"मला चालेल," वाल्मीक म्हणाला. संध्याकाळभरात त्याने दिलेलं हे पहिलं मत. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात येऊन तो अंगठीकडे पाहू लागला.

"आणि यशोदाचं काय वाईट आहे म्हणते मी?" कमलबाईंनी विचारलं. "त्याचा अर्थ तरी सांगा."

"यश देणारी," आबा म्हणाले. "उत्तम नाव. पण तिचीही एक गोष्ट आहेच. बाळंत झाली, तिला ग्लानी आली. त्या झोपेत तिची मुलगी उचलून नेली आणि जागी दुसरंच बाळ ठेवलं. डोळे उघडले तर पुढ्यात दुसरंच. पण तिने त्यालाच आपलं मानलं. अदलाबदल झाल्याचं बिचारीला कुणी सांगितलंच नाही."

यशोदाबाई सावरून बसल्या.

ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा ऐकली होती. पण आज ती पाण्याखालून आली आणि भलत्याच जागी लागली. छत्तीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच ताटापुढे, त्याही अशाच पेंगत होत्या. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. बैलगाडीचा दोन दिवसांचा प्रवास झाला होता. कुणाच्या तरी मांडीवर डोकं टेकलं आणि झोप लागली. जाग आली तेव्हा ताटातले तांदूळ सारखे केलेले होते आणि बाया म्हणत होत्या, यशोदा, ऊठ, जेवून घे. ही यशोदा कोण, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं होतं.

त्यांचं नाव भिकुबाई होतं. पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेच्या काठी त्यांचं माहेर. त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं, आणि मग पदर पसरून, मूठभर ज्वारी देऊन, तिच्याकडून भीक म्हणून परत मागून घेतलं. दैवाला वाटावं, ही पोर यांची नाहीच. दैव फसलं. पुढे आई नदीच्या या काठावरून हाक मारायची, भिकूऽऽ, आणि ते नाव पाण्यावरून घसरत पलीकडच्या काठाला जाऊन लागायचं. सासरी म्हणाले, घरात भिकेचं नाव नको. भीक मागून मिळवलेलं ते नाव असं कुणी न मागता गेलं.

"मी एक सांगू का?" यशोदाबाई म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही. लिलाबाई आणि कमलबाई यांच्यात रुक्मिणीवरून जुंपली होती.

"तिनं नाव तिले ऱ्हाऊ द्या," यशोदाबाई जरा मोठ्याने म्हणाल्या. "एक घरमा दोन यशोदा नको ना? मंग मनं बदला. माले मनं पहिलं नाव द्या."

रुक्मिणीचं भांडण तिथेच राहिलं. दाराच्या चौकटीत रतिलालनेसुद्धा कॅमेरा खाली घेतला.

"वहिनी, या वयमा?" लिलाबाई म्हणाल्या.

"तेरा वर्षंनी व्हतू तवय कोनी वय इचारं नही."

"पन रीत..." नाना म्हणाले.

"रीत तीच," जीवराम आबा गंभीरपणे म्हणाले. त्यांनी बराच विचार केलेला दिसत होता. "नाव नवऱ्याने ताटात लिहायचं. बाई नवी की जुनी, याबद्दल पोथीत काही नाही."

वाल्मीकने कुणी थांबवायच्या आत अंगठी टेकवली आणि यशोदा असं लिहून टाकलं. अक्षर सुंदर आलं, डेपोच्या फलकावरच्यापेक्षा सुंदर. सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. रतिलालने फोटो काढला. नवरीने मान वर केली आणि सासूकडे पाहिलं. "माय," ती म्हणाली. घरात वाल्मीक तसंच म्हणत असे.

मग तिनेच ताट उचललं, हलवलं, तांदूळ सारखे केले आणि नानांच्या पुढ्यात ठेवलं.

नानांच्या बोटातली अंगठी निघेना. तेल लावून ती काढण्यात आली. ते पाटावर बसले, अंगठी तांदळाला टेकवली आणि अगदी मुलासारखेच तिथे थांबले.

छत्तीस वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. आधी "अवं" म्हणत, पुढे "वाल्मीकनी माय". यशोदा हेही नाव त्यांनी तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं, मग त्याच्या आधीचं कुठून आठवणार?

"काय व्हतं वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमीच ते ताटमा पुसं," यशोदाबाई म्हणाल्या. "तुमीच सांगा."

नानांनी बहिणीकडे पाहिलं.

"माले काय माहीत?" लिलाबाई म्हणाल्या. "मी आठ वर्षंनी पोर. मनं ध्यान लाडूसवर व्हतं."

"आबा, तुम्ही सुचवा," वाल्मीक म्हणाला.

"मी सुचवलेली नावं बघितलीत ना," जीवराम आबा म्हणाले.

"नाना, एकच फोटो उरलाय," रतिलाल म्हणाला.

नानांनी डोळे मिटले. बाहेर गाई परतत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा जवळ आल्या आणि दूर गेल्या. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलत राहिले.

"सूप व्हतं," ते शेवटी म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "तुनी मायनी सांगेल व्हतं माले, मांडवमा. सूपमा ठेवं, पदर पसरा, ज्वारी दिधी... कोनाकडथून तरी मागी लेयेल पोर शे म्हने, जपी ठेवज्यात."

हे आईने नानांना सांगितल्याचं यशोदाबाईंना ठाऊकच नव्हतं.

"मंग? नाव?" त्यांनी विचारलं.

"तेच ते आठवत नही," नाना म्हणाले. "अर्थ सगळा बठ्ठा आठवस."

सात वाजता दिवा लावण्यात आला. नवरीने सगळ्यांना चहा दिला. त्यानंतरची माहिती एवढीच, की आधार नाना अंगठी तांदळात रोवून बसले आहेत, रतिलाल एक डोळा मिटून शेवटच्या फोटोसाठी उभा आहे, आणि समोर बसलेल्या बाईने पदर सारखा केला आहे. या वेळी ती टक्क जागी आहे.