निळ्या चौकोनांमागची माणसं

"बाजूला व्हा! डाव्या हातचा मळ आहे हा!" असं म्हणत धाकट्याने बाह्या सरसावल्या आणि कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांमध्ये लटकलेली माणसं सोडवणाऱ्याला कॉम्प्युटरात अडकलेले फोटो काय जड!

अडकले होते आजोबांचे फोटो. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या साऱ्या निगेटिव्ह दादाने कॉम्प्युटरात उतरवून घेतल्या होत्या, हजारोंनी. त्यातला आजीचा एकुलता एक हसरा फोटो आत्याला परदेशी न्यायचा होता. टॅक्सी दाराशी येऊन थांबलेली. आणि फोल्डर उघडलं, तर प्रत्येक फोटोच्या जागी तोच निळा चौकोन, खाली नुसता आकडा! त्यातली आजी कुठली, कसं कळणार?

"अरे, विमान माझ्यासाठी थांबायचं नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, तू फक्त बघत राहा!"

त्याने कुठेतरी टिचकी मारली. चौकोन बाथरूमच्या फरशांएवढे झाले. दुसरी मारली, मोहरीएवढे झाले. तिसरीला पुन्हा होते तेवढे झाले, पण त्यांच्याखालचे आकडे गेले!

"मघाशी निदान आकडे तरी होते," वहिनी म्हणाली.

"वहिनी, ऑपरेशन चालू असताना बोलायचं नसतं!"

मग त्याने मोठ्या ऐटीत तीन बटणं एकदम दाबली, आणि अख्खा पडदा डोक्यावर उभा राहिला! चौघांच्या माना एकदम वाकड्या झाल्या. शेवटी दादाने मॉनिटरच उचलला, उलटा केला आणि मागे उभं राहून छातीशी धरला.

"कर आता. पण लवकर. जड आहे हे."

आता मात्र धाकट्याला घाम फुटला. टिचक्या मारायचं सोडून तो पहिल्यांदाच पडद्यावरचं वाचू लागला. सेटिंगच्या यादीत एक ओळ सापडली. नेहमी चिन्हंच दाखवा, फोटो दाखवू नका. शेजारी बरोबरची खूण.

"ही कोणी केली?"

मॉनिटरमागून खाकरल्याचा आवाज आला. "कॉम्प्युटर फार रखडत होता, म्हणून मीच..."

धाकट्याने खूण काढली.

क्षणभर काहीच नाही. मग कोपऱ्यातला एक चौकोन उजळला आणि त्यातून एक चेहरा बाहेर आला. मग दुसरा. मग ओळीच्या ओळी! रडवेली बाळं, घामेजलेले नवरदेव, मिशा पिळून बसलेले पहिलवान, श्वास रोखून धरलेल्या नव्या नवऱ्या... अख्खं गाव दार उघडून समोर येऊन उभं राहिलं. उशीर होतोय म्हणून हाक मारायला आलेला टॅक्सीवालाही टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"एवढ्या सगळ्यांना बाबांनी सरळ बसा म्हटलं असेल," आत्या पुटपुटली.

धाकट्याच्या अंगावर काटा आला. आजोबा हे सगळं रोज बघायचे!

आणि तिसऱ्या ओळीत आजी होती. पदर तोंडाशी न्यायच्या आत पकडलेली, खदखदून हसणारी.

"अगं आई..." आत्याने पडद्याला हात लावला.

"मलाही दाखवा की रे कोणी!" मागून दादा.

धाकट्याचा ऊर भरून आला. आता शाबासकी येणार! तो मान ताठ करून थांबला. वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊजी..."

"बोला वहिनी!"

"जरा डोकं बाजूला घ्या. आजी दिसत नाहीयेत."