बटव्यातले वाल

"अवो, फडकं कुठं हाय ते विचारायचं तरी!" सगुणा ओरडली. पण वालांना मोड येऊन गेले होते.

परवा भिजलेले कडवे वाल बांधून ठेवायचं काम तिने नवऱ्यावर, काळुरामवर सोपवलं. फडकं सापडेना, म्हणून त्याने टेबलावरचा नाडीचा बटवा घेतला, वाल भरले आणि उबेला ठेवला.

बटवा त्याच्याच आईचा, त्यावर रंगीत दोऱ्यांनी एक पाखरू भरलेलं. आज तो पेणच्या महिला मंडळात, जुन्या भरतकामाच्या प्रदर्शनात मांडायचा होता. प्रदर्शन काळुरामच्या बहिणीचं, मैनाचं. आईने बटवा लेकीला न देता सुनेला दिला, ते तिला अजून पचलं नव्हतं. "सांभाळून आण गो वैनी," हे ती रोज फोनवर बजावत होती.

सगुणाने एक वाल ओढला. मोडाबरोबर हिरवा दोरा आला.

"ऱ्हाऊ दे, सगळाच उसवंल," काळुराम म्हणाला. "भरलेलाच नेऊ. गोल तरी दिसंल."

रोह्याहून निघालेल्या एसटीत टॉवेलातलं गाठोडं सगुणाच्या मांडीवर होतं आणि साडी ओली होत होती. शेजारची बाई सरकून बसली.

"किती महिन्यांचं?"

"दोन दिवसांचं," काळुराम म्हणाला.

पेणला मैनाने टॉवेल उघडला. वर्षानुवर्षं ट्रंकेत चपटा झालेला बटवा टरारून फुगला होता. घरात सगळे ज्याला कोंबडी म्हणायचे, त्या पाखराचा घडीत दडलेला पिसारा उलगडला होता.

"मोर!" मैना किंचाळली. "मी म्हनत होते ना, मोर हाय! सगळी हसायची मला. पन ह्याच्यात भरलंय काय?"

"वाल," सगुणा पुटपुटली. "मोडाचे. मैनाताय, चुकून..."

मैनाने बटवा नाकाशी धरला, तो खाली घेईच ना.

"भात कापला की आय ह्याच्यातच वालाचं बियानं न्यायची शेतावर," ती हळूच म्हणाली. "कमरेला खोचून. तवा असाच दिसायचा मोर. बरं झालं वैनी, तुझ्याकडं ऱ्हायला."

काळुराम ताठ झाला. "मला ठाव होतं. म्हनून तर भरले!"

नणंद-भावजयीने एकमेकींकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.

प्रदर्शन आटोपल्यावर काळुराम मंडळाच्या पायरीवर बसून सुईच्या टोकाने एकेक वाल अस्तरातून सोडवत होता.

"दोरा तुटला तर बघा," आतून सगुणा म्हणाली.

"आनि सोलून पन आन रे दादा," मैना म्हणाली. "आज बिरडं माझ्याकडंच करू."