येळवसला नळ बोलला

आमच्या गल्लीत डोकं चालतं ते फक्त एकाच माणसाचं, असं मी त्या दिवशी सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. तो माणूस म्हणजे मी, संगप्पा! उदगीरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. हसू नका. पुढचं ऐका, मग काय हसायचं ते हसा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आम्हाला वाटलं, जिल्हा नवा म्हणजे नळाला पाणीही नवं येईल. कसचं काय! जिल्हा नवा आला अन् दुष्काळ जुनाच राहिला. आमच्या घरातला नळ इतका कोरडा पडला होता, की माझी आई, आव्वा, त्याला भाजीची पिशवी अडकवायला लागली होती.

अन् अशा सालात माझ्या धाकट्या बहिणीचा, रुद्राणीचा, साखरपुडा ठरला. तोही आमच्या घरी, येळवसच्या दुसऱ्या दिवशी! मुलाकडचे देगलूरचे. मुलाचे वडील महादेवप्पा मोठे शिस्तीचे, आंघोळ अन् लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालणार नाहीत. रुद्राणीची आधीची स्थळं या ना त्या खुसपटानं मोडली होती. हे स्थळ तिच्या मनापासून आवडीचं होतं. पोरगी घरात गुणगुणत फिरायची. आता एवढे पाहुणे येणार, अन् घरात त्यांना हात धुवायला पाणी नाही म्हटल्यावर काय राहिली अब्रू?

तेवढ्यात नळाला पाणी सोडणारा पंढरी माझ्या दुकानात आला. इकडं तिकडं बघून कानाशी लागला.

"शेट, येळवसला दुपारी पाणी सोडून राहिलो. गाव शेतात असतंय, भांडणतंटा न्हाई. पण कुणाला सांगू नका बरं!"

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावात चिटपाखरू राहत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो सोयऱ्याच्या शेतात. तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी अन् ताकातली आंबील पोटाला तडस लागेपर्यंत खायची, अन् दिवस मावळताना परत यायचं.

म्हणजे गाव रिकामं अन् नळाला पाणी! माझं डोकं गाडीच्या चाकासारखं फिरायला लागलं. सगळ्यांना पाठवायचं मेव्हण्याच्या शेतात. आपण एकट्यानं मागं राहायचं. दाराला बाहेरून कुलूप, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं, संगप्पाही गेला. अन् दुकानातले झाडून सगळे हंडे, घंगाळी, पातेली घरात आणून गल्लीचं पाणी आपणच भरायचं! आहे की नाही डोकं?

आव्वाला मात्र हे पसंत नव्हतं.

"आरं, येळवसला गावात थांबू न्हाई! बहात्तरच्या दुष्काळात चौकातल्या आडात पाण्यासाठी उतरलेली बाई वर आलीच न्हाई. येळवसला गाव ओस पडलं की ती हाका मारती. ये, ये म्हणती. ओ दिली की खलास!"

"आव्वा, आता आपण नव्या जिल्ह्यात हाव. नव्या जिल्ह्यात भुतं न्हाईत."

"मग जुन्या जिल्ह्यातली कुठं गेली?"

मी घाईघाईनं सगळ्यांना गाडीत बसवलं. बायकोनं, शिवकांतानं, बाहेरून कुलूप घातलं. शेजारच्या गुंडप्पाची, म्हणजे हे स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाची, गाडी आमच्या गाडीमागं निघाली. त्याच्याही दाराला कुलूप लागलेलं मी फटीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब जात गेला अन् थांबला.

मग जे सुरू झालं, त्याला शांतता म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पिठाची गिरणी बंद. पोरांचा कालवा नाही. कुत्री गाड्यांमागं गेलेली. कावळेसुद्धा भज्जीच्या वासानं शेतात गेलेले! भर दुपारी, लख्ख उन्हात गाव मेल्यासारखं पडलं होतं. घरात अंधार, कारण खिडक्या लावून घेतलेल्या. माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला. उगाच दोनदा मागं वळून पाहिलं.

"संगप्पा," मी स्वतःलाच म्हणालो, "तू शिकलेला माणूस हायेस." तसा मी सातवी नापास आहे, पण अशा वेळी कोण तपासतंय!

नळावरची पिशवी काढली, तोटी उघडली अन् भांडी मांडायला घेतली. एक पातेलं हातातून निसटलं. ते फरशीवर वाजलं, गरागरा फिरलं अन् थांबलं.

ते थांबल्यावर भिंतीपलीकडं एक पातेलं वाजलं.

पलीकडं गुंडप्पाचं घर, कुलूप लावलेलं. उंदीर असेल, मी म्हटलं. मग पलीकडं कुणीतरी अनवाणी पायांनी सावकाश चालत गेलं. उंदीर मोठा असेल, मी म्हटलं. मग तो उंदीर खोकला.

इतक्यात नळानं आवाज केला, "हूऽऽऽ." पाणी आलं! मी धावत जाऊन तोटीखाली हात धरला. पाणी नव्हतं. वारा होता, अन् तोही बाहेर येणारा नव्हे. नळ आत श्वास घेत होता! मी तळहात तोटीवर दाबला, तर नळानं माझा तळहात आत ओढला. हो हो, ओढला! मी हिसका मारून हात सोडवला.

अन् नळ बोलला.

"ये... ये गे माय... ये लवकर..."

आवाज घोगरा होता, पुरुषासारखा. पण इतकी वर्षं आडात राहिल्यावर बाईचाही घसा बसणारच की! आव्वानं बजावलं होतं, ओ द्यायची नाही. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून भिंतीला टेकलो.

"किती वाट बघू?" नळ कण्हला. "सकाळधरनं उपाशी हाय मी..."

उपाशी! आता हिला गावात खायला माझ्याशिवाय दुसरं आहे कोण? दाराला बाहेरून कुलूप, ते माझ्याच अकलेनं लावलेलं. ओरडलो तरी ऐकायला गल्लीत माणूस नाही. शेवटी भीतीच इतकी झाली, की ती उलटून बाहेर पडली. मी तोटीला तोंड लावलं अन् होता तेवढा जोर काढून घुमलो.

"जा! जा माघारी! हितं तुझं काही काम न्हाई! पुन्हा या दारी पाय ठेवू नको, न्हाईतर वाटोळं होईल!"

नळ गप्प झाला. मग आतून, अगदी बारीक, थरथरता आवाज आला, "शिवा शिवा शिवा शिवा..."

म्हणजे भूत आपल्यातलंच होतं, शिवाचं भक्त!

त्या घरात थांबणं शक्य नव्हतं. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी झरोका आहे. मी हंड्यावर हंडा रचला, अंगाला हुडहुडी भरली होती म्हणून काळं घोंगडं डोक्यावरून घेतलं अन् वर चढलो. दिवस कलला होता. गावभर माळवदं लालसर उन्हात पसरलेली, अन् एकाही घरातून धूर नाही. मी झरोक्यातून कमरेपर्यंत वर आलो. त्याच वेळी पलीकडच्या माळवदाच्या झरोक्यातून एक डोकं वर आलं.

केस मोकळे. कपाळ, छाती, दंड पांढरेफटक. तोंड उघडं. ते माझ्याकडे बघत होतं, मी त्याच्याकडे बघत होतो, अन् दोघांच्याही तोंडून आवाज फुटत नव्हता. मग एकदमच फुटला! पायाखालचे हंडे सरकले अन् मी भांड्यांच्या ढिगात दाणकन आदळलो. तिथंच सगळ्यात मोठं घंगाळ अंगावर ओढून घेतलं अन् देवाचं नाव घेत पडून राहिलो.

दिवेलागणीला घुंगरं वाजली. कुलूप उघडलं. शिवकांतानं घंगाळ उचलून खाली बघितलं.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

मी उत्तर द्यायच्या आत गुंडप्पाच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही सगळे धावलो. बघतो तर काय! ओसरीवर पंचा नेसलेले, अंगभर विभूती लावलेले, हातात बॅग घेतलेले महादेवप्पा! मुलाचे वडील!

"गुंडप्पा, मी निघालो. ही सोयरीक होणार न्हाई," ते म्हणाले.

गुंडप्पा रडकुंडीला आला होता. हळूहळू सगळं बाहेर पडलं. महादेवप्पा आदल्या रात्रीच त्याच्याकडे मुक्कामाला आले होते. सकाळी आंघोळीला पाणी नाही. आंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय जेवण नाही, मग उपाशी माणूस येळवसला जाऊन काय करणार? गुंडप्पानं त्यांना सांगितलं, दुपारी पाणी येतंय, तुम्ही निवांत आंघोळ करा. अन् वर कुलूप लावून गेला, कारण पाणी येणार हे गल्लीला कळायला नको! पंढरीनं त्यालाही तेच सांगितलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून.

"दुपारभर नळ तोंडानं ओढून ओढून गंगामाईला बोलावलं," महादेवप्पा म्हणाले. "तर नळातून आज्ञा झाली! जा माघारी, या दारी पाय ठेवू नको, वाटोळं होईल! भीतीनं अंगभर विभूती फासून वर जाऊन बघतो, तर माळवदावर काळंकुट्ट काहीतरी उभं! साखरपुड्याच्या आदल्या दिवशी! एवढ्यावर पोराचं लगीन लावू मी?"

आव्वा मटकन खाली बसली. रुद्राणी दारात उभी होती, आंबिलीचं रिकामं भांडं अजून कडेवर. तिचे डोळे भरून आले अन् तिनं ते पदरानं पुसलेसुद्धा नाहीत. तिचं लग्न मोडायला भूत नव्हतं आलं, सख्खा भाऊ पुरेसा झाला!

खरं सांगायचं तर गल्लीसमोर अब्रू जाणार. नाही सांगायचं तर बहिणीचा संसार जाणार. शेतातून परतलेली गल्ली जमलीच होती. मी डोळे मिटले अन् बोलून टाकलं.

"मामा, ती आज्ञाबिज्ञा न्हवती. मी होतो. माळवदावरचं काळंबी मीच."

"तू घरात होतास?" गुंडप्पा किंचाळला. "चोरा! सगळ्यांचं पाणी भरायला बसला होतास व्हय!"

"अन् तू पाहुण्याला कोंडून काय भरत होतास, आंबील?"

महादेवप्पांनी मात्र मान हलवली. "बहिणीसाठी खोटं बोलून राहिलास पोरा. मला समजतंय. पण तो आवाज माणसाचा न्हवता."

आता काय करावं! माझा आवाज माणसाचा नाही, असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही हितंच नळाशी थांबा." अन् पळत आमच्या घरी गेलो, तोटीला तोंड लावलं अन् घुमलो, "जा! जा माघारी! महादेवप्पा मामा, ह्यो मीच हाय, संगप्पा! आलं का ऐकू? कोण कोण हाय तिकडं?"

मग नळातून, लांबून कुठून तरी, दबका आवाज आला.

"मी न्हाई!"

हा आवाज गुंडप्पाच्या घरचा नव्हता. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तरांचा होता, ज्यांच्या दाराला अजून कुलूप होतं! त्याच्यामागून आणखी एक आवाज आला, शिंप्याचा, "म्या बी न्हाई बा!"

पलीकडं हसण्याचा जो स्फोट झाला, तो नळातून अन् भिंतीवरून दोन्हीकडून माझ्या कानावर आदळला. गल्लीतलं निम्मं डोकं त्या दिवशी कुलपाआड बसलं होतं! मी परत गेलो, तर महादेवप्पा पोट धरून पायरीवर बसले होते. हसता हसता त्यांची विभूती घामानं ओघळत होती.

"बरं, झालं गेलं," ते डोळे पुसत म्हणाले. "पण पाणी? उद्याचं सोडा, मला आज पूजेपुरतं तरी मिळंल का?"

एवढी भांडी, अन् गल्लीत तांब्याभर पाणी नाही.

तेवढ्यात आमच्या गाडीत झोपलेलं कोण खाली उतरावं? मिशांची भज्जी पुसत पंढरी!

"पंढऱ्या!" मी ओरडलो. "दुपारी पाणी सोडणार होतास ना रं?"

"सोडणारच व्हतो शेट! पण वाटंत वहिनींनी धरलं. म्हणल्या, येळवसला कुणी गावात ऱ्हातंय का, बस गाडीत. आता सणाला न्हाई कसं म्हणावं?"

मी शिवकांताकडे बघितलं. जिनं मला पाण्यासाठी कोंडलं, तीच पाणी सोडणाऱ्याला जेवायला घेऊन गेली होती!

"माझ्या भावाच्या हिरीत अजून पाणी हाय," ती शांतपणे म्हणाली. "उद्यासाठी टिपाड भरून आणलंय, गाडीत हाय. पंढरीभाऊंनीच शेंदून दिलं."

"अगं, मग मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्हाला तर कुलपाची घाई!"

त्या टिपाडातल्या पहिल्या घागरीनं महादेवप्पांची आंघोळ झाली. पूजा झाली. मग त्यांनी आव्वाच्या हातची गार भज्जी अशी काही खाल्ली, की रुद्राणीला वाढता वाढता हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा थाटात झाला. बैठकीत गुंडप्पानं रीतीप्रमाणं विचारलं, "मुलाकडची काही अट असंल तर आत्ताच सांगा."

महादेवप्पांनी घसा खाकरला. सगळी गल्ली कान टवकारून बसली. माझा जीव पुन्हा टांगणीला!

"अट एकच हाय," ते म्हणाले. "नवरीच्या भावानं आमच्या घरी कधीबी यावं, चार दिस राहावं. फक्त येताना दारातून हाक मारावी. नळातून न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. काय करता, मुलीकडचा ना!