अकरा वर्षं न हरलेला फेर्मीन

"मला या खुर्चीवरून उठवणारा अजून जन्माला यायचाय!" रोज सकाळी सोंगट्या मांडताना फेर्मीन म्हणायचा, आणि ते खरंही होतं. बानी गावच्या कोपऱ्यावरच्या दुकानापुढे डॉमिनोचा नियम एकच. हरलेली जोडी उठणार, वाट बघणारी बसणार. फेर्मीन आणि त्याचा भिडू चेंचो अकरा वर्षं बसलेलेच होते.

त्यामुळे दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हात न टेकता उठा बघू," तेव्हा पंचाईत झाली. फेर्मीन अर्धा उठला आणि थेट त्यांच्या उभ्या पंख्याच्याच गळ्यात पडला!

"जेवता काय?"

"कच्च्या केळ्याचं भरीत. कॉफी."

"आणि अंडी, राजमा, मासे? या वयात प्रथिनं नसली की हाडंही झिजतात नि स्नायूही!"

दोन महिन्यांनी नात यारीत्साचा पंधरावा वाढदिवस होता. पंधराव्या वाढदिवसाला मुलीनं पहिला नाच बापाबरोबर करायचा, अशी तिथली रीत. तिचा बाप परदेशी, म्हणजे तो नाच आजोबांबरोबर. फेर्मीनची मुलगी नेरेइदानं कंबर कसली. सकाळी अंडी, दुपारी राजमा, रात्री मासे. महिन्यानं पोट तेवढं वर आलं, फेर्मीन काही वर येईना.

"प्रथिनांच्या विटा आल्या, पण हालचालीचा गवंडी कुठाय?" डॉक्टरीणबाई वैतागल्या. "दिवसाला बसता किती?"

"हरेपर्यंत."

"हरता कधी?"

"कधीच नाही!" त्याची छाती फुगली.

"मग हरा!"

अकरा वर्षांची अब्रू! पण नातीपुढे सोंगटीची काय मातब्बरी? दुसऱ्या दिवशी जिंकायची सोंगटी हातात असून तो "पास" म्हणाला. सकाळभरात नऊदा हरला, नऊदा उठला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय! शेजारणी सूप घेऊन आल्या, चेंचोही धावत आला, नेरेइदा रडायला लागली.

"भ्रम?" फेर्मीन चवताळला. "शेवटच्या डावात या चेंचोकडे सहा-सहाची सोंगटी अडकली होती, आणि जिंकायची सोंगटी माझ्याकडे होती!"

"म्हणजे मुद्दाम हरलास?" चेंचो ओरडला.

फेर्मीनची मान खाली गेली. "नातीबरोबर नाचायचंय रे मला."

 दुसऱ्या दिवसापासून चेंचोही इमानदारीनं हरू लागला.

वाढदिवसाला फेर्मीन हात न टेकता उठला आणि अख्खं गाणं नाचला. "आबा, दमलात?" यारीत्सानं विचारलं.

"हट्! अजून एक लाव!" इतका आनंद त्याला जिंकून कधी झाला नव्हता.

गावानं ते पाहिलं. दुसऱ्या सकाळी टेबलाभोवती चौघे म्हातारे, आणि चौघांनाही हरायचं होतं.

"टाक ना."

"तू टाक."

"छे, छे, मान तुझा!"

डाव काही संपेना. जेवणवेळेला बायका आल्या, तेव्हा एकालाही उठता येत नव्हतं. शेवटी बखोटीला धरून एकेकाला उपटावं लागलं.