कपाटाखालचा खंड

ताईच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. त्यात आळस नव्हता, विद्वत्ता होती! निदान बायकोला मी तसं सांगत असे.

प्रश्न एवढासाच होता. 'नातीला शाळेत विचारलंय, ब्रोकन या इंग्रजी शब्दाचे अर्थ काय आणि तो आला कुठून? तू जन्मभर शब्दकोशांची मुद्रितं तपासलीस. चार ओळी लिही.'

चार ओळी! मोडलेली खुर्ची, मोडलेलं वचन, मोडकंतोडकं बोलणं, खचलेला माणूस, सगळ्यांना ब्रोकनच. मसुदा चाळीस पानांवर गेला, तरी माझी खात्री होईना. तोवर नात पास झाली आणि ताईचं दुसरं पत्र आलं: 'उत्तर आल्याशिवाय तुझ्या घरी पाऊल ठेवणार नाही.' दरवर्षी महिनाभर राहून मला रागावणारी ताई खरंच आली नाही. रागावून घ्यायची सवय वाईट, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा मी जाहीर केलं, "आज चहा निवायच्या आत उत्तर लिहितो!"

"कुठल्या सालचा चहा?" बायको म्हणाली.

मूळ तेवढं पडताळायचं होतं. पण मोठ्या कोशाचा पहिला खंड सापडेना.

"अहो, तो कपाटाखाली नाही का! पाय मोडला तेव्हा तुम्हीच सरकवलात. तात्पुरता."

नऊ वर्षं तो खंड मोडक्या पायाच्या जागी इमानाने उभा होता!

"सुतार येईपर्यंत हात लावू नका."

"अगं, एकच पान बघतो. कपाट क्षणभर थांबेल की!"

कपाट थांबलं नाही. आधी उरलेले सहा खंड आले, मग फुलदाणी, मग सासऱ्यांची तसबीर आणि शेवटी, वयाला शोभेल अशा संथपणाने, खुद्द कपाट. मधे मी होतो.

"मनगटाला फ्रॅक्चर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"फ्रॅक्चर!" मी आनंदाने ओरडलो. "लॅटिनमधून आलाय, पण ब्रोकनचा भाऊबंदच! दोघांचा खापरपणजोबा एक!"

त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "डोक्यालाही लागलंय का?"

"नाही, ते आधीपासून तसंच आहे."

घरी आल्यावर, उजवा हात गळ्यात अडकवून मी म्हणालो, "मी सांगतो, तू लिही. मुद्दा पहिला..."

"झालं लिहून." तिने वाचून दाखवलं: "वन्सं, ब्रोकन म्हणजे तुमच्या भावाचं मनगट. आलं कुठून? कपाटाखालून. बघायला या."

"अगं, शब्द जुन्या इंग्रजीतून आलाय, एवढं तरी घाल!" म्हणत मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तिच्या मागे धावलो. पत्र पेटीत पडलं.

ताई आता नक्की येईल. एकच रुखरुख आहे: नातीसाठी 'कपाट' शब्दाचं मूळही कळवायला हवं होतं का?