पहिल्याच आकड्याला होकार

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, ओक्लाहोमातल्या हॅकबेरी गावी, प्रुइट मोटर्स या दुकानात गार्लंड टिबेट्स नावाच्या ग्राहकाने एका नव्या पिकअप ट्रकसाठी आपला आकडा सांगितला आणि विक्रेत्याने तो मान्य केला. या घटनेचे गांभीर्य त्या वेळी दुकानातल्या कोणाच्याही लक्षात आले नाही.

गार्लंड बोअर मारतो. त्याच्या जुन्या ट्रकचे इंजिन त्याच आठवड्यात कायमचे थांबले होते. यंत्र ओढून नेणारा ट्रक नसेल तर बोअर मारणारा माणूस म्हणजे जमिनीखालच्या पाण्याविषयी नुसती मते असलेला माणूस. सोमवारी त्याला एव्हरी स्लोकमच्या कुरणावर काम सुरू करायचे होते. स्लोकमची विहीर आटली होती आणि गाई टँकरच्या पाण्यावर होत्या. सोमवारी यंत्र आले नाही तर क्लीट बार्लोला बोलावीन, असे स्लोकमने शांतपणे सांगून ठेवले होते. क्लीटकडेही यंत्र होते, आणि त्याचा ट्रक चालू होता.

हॅकबेरीत ट्रक घ्यायचा म्हणजे एक अख्खा दिवस लागतो, किंवा लागत असे. माणूस रात्री नीट झोपून, विल्माच्या खानावळीत अंडी आणि बेकन खाऊन निघे. पायांत मुद्दाम जुने बूट घाली. दुकानात गेल्यावर तो असा आकडा सांगे की सांगताना त्याची त्यालाच थोडी लाज वाटावी. तो ऐकून विक्रेता दाढ उपटल्यासारखा चेहरा करी आणि मॅनेजरला विचारायला काचेच्या केबिनमध्ये जाई. काचेतून सगळे दिसे, ऐकू काहीच येत नसे. मॅनेजर मान हलवी. ती ट्रकच्या भावावर हलवी की आदल्या रात्रीच्या फुटबॉलवर, याची नोंद कुठे नाही. दुपारनंतर केव्हातरी ग्राहक उठून तडक बाहेर चालू लागे आणि विक्रेता त्याच्यामागे पार्किंगपर्यंत धावत येई. मग सह्या होत. ट्रकची खरी किंमत काय होती हे कोणालाच कधी कळले नाही, पण मॅनेजरने किती वेळा मान हलवली हे गावाला वर्षानुवर्षे पाठ असे.

ही पद्धत कोणालाही आवडत नव्हती. वसंत ऋतूत प्रुइट मोटर्सने ग्राहकांचे मत मागवले, तेव्हा दहापैकी नऊ जणांनी घासाघीस अपमानास्पद, कालबाह्य आणि वेळखाऊ असल्याचे कळवले. गार्लंडने ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘सरळ माणसाशी सरळ वागा.’ दुकानाने हे मत मनावर घेतले. मत मागवण्याच्या इतिहासात हे बहुधा प्रथमच घडत असावे, त्यामुळे त्याचे परिणाम काय होतात याचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नव्हता. नवे धोरण ठरले: ग्राहकाच्या आकड्यात तोटा नसेल तर ताबडतोब होकार द्यावा, चेहरा करू नये, केबिनमध्ये जाऊ नये. केबिनमध्ये जुने टायर ठेवण्यात आले.

“बावन्न हजार,” गार्लंड म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. ट्रकच्या काचेवरच्या कागदावर अठ्ठावन्न हजार डॉलर छापले होते.

“चालेल,” विक्रेता लायल फेंटन म्हणाला. लायल पूर्वी शाळेत बँड शिकवायचा. त्याला ताल मोडलेला लगेच कळत असे, पण आपण नेमके काय मोडले हे त्याला या वेळी कळले नाही.

“काय चालेल?”

“बावन्न. चाव्या आणू का?”

गार्लंडने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तू आत जाऊन विचारणार नाहीस?”

“आत टायर आहेत, सर.”

“मॅनेजरला विचारून ये म्हणतो मी.”

लायल मागच्या बाजूला जाऊन आला. “मॅनेजरबाई हो म्हणाल्या.”

“किती वेळ विचार केला?”

“सँडविच खात होत्या. घास गिळून झाल्यावर म्हणाल्या.”

गार्लंडने खुर्ची मागे सरकवली. “मी बावन्न म्हणालो असलो तरी मला पन्नास म्हणायचं होतं.”

लायलने कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. “पन्नासही चालेल.”

जमिनीत भोके पाडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एकाच गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे तळ न लागण्याची. गार्लंड उठला आणि दाराकडे निघाला. पार्किंगपर्यंत तो सावकाश चालला. मग आणखी सावकाश चालला. शेवटी एका दिव्याच्या खांबापाशी थांबून त्याने बुटाची नाडी बांधली, जरी त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मागून कोणी आले नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा लायल दारात उभा राहून आपुलकीने हात हलवत होता.

“आणलास का ट्रक?” घरी नेडीनने विचारले. धंद्याचा हिशेब ती बघत असे, आणि लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर नवऱ्याचाही.

“नाही.”

“का, दिला नाही?”

“दिला. म्हणून तर आणला नाही.”

नेडीनने हातातले भांडे खाली ठेवले. “थांब, मला नीट समजू दे. तू मागितलंस, ते हो म्हणाले, आणि तू चालत घरी आलास.”

“पन्नासला देतात याचा अर्थ तो चाळीसचा असणार.”

“मग चाळीस माग की.”

“आणि चाळीसलाही हो म्हणाले तर? मग मी विल्माकडे कोणत्या तोंडाने जाऊ? काय सांगू लोकांना, की मी मागितलं आणि त्यांनी दिलं?”

“सोमवारी स्लोकमच्या गाईंना काय सांगणार आहेस ते आधी सांग,” नेडीन म्हणाली. यावर गार्लंडने पुढच्या दुकानाचा विषय काढला. पुढचे दुकान नव्वद मैलांवर होते आणि तिथे जायला ट्रक लागत होता.

रविवारी चर्च सुटल्यावर विल्माच्या खानावळीत या प्रकरणाची चौकशी झाली. ट्रक पुरात बुडून वर काढलेला असावा, असे एक मत पडले. गारपिटीत सापडलेला असावा, असे दुसरे. ऑर्विस नावाच्या म्हाताऱ्याने सांगितले की तो फक्त बाहेरून नवा आहे. दुकान रविवारी बंद असते, पण ट्रक उघड्या आवारात उभे असतात. चर्चच्या कपड्यांतले चार गृहस्थ ट्रकखाली पाठीवर झोपून टॉर्चच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले. त्यांना काहीही सापडले नाही.

“हेच मला आवडत नाही,” ऑर्विस ट्रकखालून म्हणाला. “साधा दोष असता तर दिसला असता. हा लपवलेला आहे.”

क्लीट बार्लोही पाहायला आला होता, मात्र तो उभाच राहिला. “तुझ्या जागी मी असतो ना गार्लंड, तर हात लावला नसता,” तो मनापासून म्हणाला. मग त्याने घरी जाऊन आपल्या यंत्राला वंगण दिले.

सोमवारी सकाळी स्लोकमचा फोन आला. “ट्रक मिळाला का रे?”

“मिळत होता.”

“मग अडलं कुठे?”

“फार सहज मिळत होता.”

स्लोकमलाही महिन्यापूर्वी प्रुइट मोटर्समध्ये असाच होकार मिळाला होता आणि तोही तसाच घरी परतला होता. ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. “समजलं मला,” तो म्हणाला. “बुधवार संध्याकाळपर्यंत थांबतो. माणसाचं माणसाला कळतं. गाईंना नाही कळत, म्हणून फक्त बुधवार.”

इकडे प्रुइट मोटर्सने धोरण लागू केल्यापासून एकही ट्रक विकला नव्हता. ग्राहक येत, होकार ऐकत आणि दचकून निघून जात. एका बाईंनी तर पोलिसांना कळवले होते. दुकानाने टल्सा शहरातून सल्लागार आणले. त्यांनी आलेख काढला. नकारांची संख्या आडव्या अक्षावर आणि ग्राहकाचे समाधान उभ्या अक्षावर घेतले असता रेषा सरळ वर जात होती. ट्रकची किंमत कुठल्याही अक्षावर घेतली तरी रेषेला काही फरक पडत नव्हता. ग्राहकाला स्वस्त ट्रक नको असून समोरच्याचे हाल पाहायचे आहेत, आणि ही सेवा दुकान इतकी वर्षे फुकट देत आले आहे, असा निष्कर्ष निघाला.

मंगळवारी घासाघीस विभाग सुरू झाला. केबिनमधले टायर हलवून काच पुसून घेतली. आत मॅनेजर म्हणून हडसन क्रॅब नावाच्या गृहस्थांना बसवण्यात आले. त्यांचा गाड्यांशी संबंध नव्हता. चाळीस वर्षे त्यांनी अंत्यविधीचा व्यवसाय केला होता, त्यामुळे किंमत सांगताना चेहरा कसा ठेवावा हे त्यांना सांगावे लागले नाही. दाराशी दरपत्रक लावले होते. साध्या सेवेत मॅनेजर मान हलवील. मधल्या सेवेत चष्मा काढून डोळे चोळील. संपूर्ण सेवेत तो मुलांच्या कॉलेजच्या फीचा उल्लेख करील आणि विक्रेता पार्किंगपर्यंत मागे धावत येईल. पावसात धावण्याचा आकार वेगळा.

गार्लंडने दरपत्रक दोनदा वाचले. “संपूर्ण सेवेचे चार हजार?”

“हो, सर.”

“फार होतात.”

लायलने डोळे मिटले, ओठ दाबले आणि दाढ उपटल्यासारखा चेहरा केला. “सर, तुम्हाला बघून वाटलं नव्हतं तुम्ही असे असाल,” तो खोल आवाजात म्हणाला. “चार हजारांत आमचंच काही सुटत नाही.”

चार दिवसांत पहिल्यांदाच गार्लंडला नीट श्वास घेता आला. त्याने खुर्ची पुढे ओढली.

मंगळवार नुसत्या सेवेचा दर ठरवण्यात गेला. चार हजारांचे साडेतीन झाले आणि वर पायाखालच्या रबरी चटया मिळाल्या. बुधवारी सकाळी ट्रकला हात घातला. दुकानाने अठ्ठावन्नपासून सुरुवात केली. गार्लंडने बेचाळीस सांगितले आणि त्याला साफ नकार मिळाला. नकार ऐकून त्याचे कान गरम झाले. लायल केबिनमध्ये सात वेळा गेला. हडसन क्रॅब यांनी मान अशी हलवली की काचेबाहेर पॉपकॉर्न खात बसलेल्या एका ग्राहकाने नकळत टोपी काढली. दुपारी त्यांनी चष्मा काढला. चारच्या सुमारास त्यांच्या मुलाचा उल्लेख झाला. क्रॅब यांना मूलबाळ नव्हते, पण आलेला हुंदका बराचसा खरा होता, असे जवळून पाहणाऱ्यांचे म्हणणे आहे.

पाच वाजता भाव साडेत्रेपन्नावर आला. गार्लंड उठला, टोपी घातली आणि तडक बाहेर पडला. पार्किंगच्या मध्यावर पोहोचला तोच त्याच्या खिशातला फोन वाजला.

“गार्लंड, गाई कुंपणाशी येऊन उभ्या आहेत,” स्लोकम म्हणाला. “टँकरवाला उद्या येणार नाही म्हणतो. नुसतं ट्रक घेतला म्हण, आणि रात्री यंत्र आणून उभं कर. मी थांबतो. नाहीतर आता क्लीटला फोन करतो.”

मागून धावत्या पावलांचा आवाज आला. “सर, थांबा,” लायल ओरडत होता. “सर, जाऊ नका असे, काहीतरी मार्ग काढू.”

स्लोकमला हो म्हणायला गार्लंडला थांबून, वळून, साडेत्रेपन्न मान्य करून आत जावे लागले असते. त्याने पाऊल आणखी लांब टाकले.

“क्लीटला सांग,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “मला आत्ता मागे वळून बघता येत नाही.”

लायलने त्याला रस्त्याच्या कडेला गाठले. साडेत्रेपन्नच ठरले, पण ते आता वेगळे साडेत्रेपन्न होते. रात्री नेडीनने सेवेचे साडेतीन त्यात मिळवले आणि सत्तावन्न या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

“शनिवारी पन्नासला देत होते,” ती म्हणाली.

“शनिवारी कोणी रडलं नव्हतं.”

“आणि स्लोकमचं काम?”

“क्लीटला दिलं त्याने.” गार्लंड खिडकीशी जाऊन उभा राहिला. अंगणातला ट्रक पांढरा होता आणि यंत्र ओढून नेण्यासारखे काम त्याला नव्हते. “छापील भावापेक्षा हजाराने खाली आणला मी त्यांना, नेडीन. एकट्याने.”

शुक्रवारी सकाळी क्लीट चिखलाचे बूट घालून खानावळीत आला. स्लोकमच्या कुरणावर दोनशे फुटांवर गोडे पाणी लागले होते. ते सांगायला त्याने तोंड उघडले, पण सगळ्यांच्या माना गार्लंडच्या टेबलाकडे वळलेल्या होत्या. तिथे गार्लंडच्या हकिकतीत हडसन क्रॅब नुकतेच चष्मा काढत होते. विल्मा कॉफीचे भांडे हातात धरून तशीच थांबली होती. “पुढे काय झालं, राजा?” ती म्हणाली. क्लीटने खुर्ची ओढून घेतली आणि गार्लंडचे सगळे सांगून होईपर्यंत पाण्याचे नाव काढले नाही. नंतर त्याने हळूच विचारले, “धावत कुठपर्यंत आला म्हणालास तो?”

“रस्त्यापर्यंत.”

क्लीटने मान डोलावली. त्याचा ट्रक अजून चांगला होता, पण फार चांगला नव्हता.

हे वाचून ज्यांना गार्लंडची कीव आली असेल, त्यांच्यासाठी प्रुइट मोटर्सने आधीचा सरळ व्यवहारही चालू ठेवला आहे. आपला आकडा मनात धरावा आणि दुकानात फोन करावा. फोन लायल उचलतो. तुमचा आकडा ऐकून तो लगेच ‘चालेल’ म्हणेल. त्यानंतर तुमचा आनंद किती वेळ टिकला एवढेच दुकानाला कळवायचे आहे, कारण सल्लागारांना आलेख पुरा करायचा आहे. आजवरचा उच्चांक नऊ सेकंदांचा आहे, आणि त्या गृहस्थांना ऐकू कमी येत होते.