गळका नळ आणि पक्षाची भूमिका

नेटवर्कराव (गल्लीने ठेवलेलं नाव) एका गोदामात कारकून होते, पण पोटापुरतेच. जीव सगळा पक्षात. वॉर्डातलं पक्षाचं सोशल मीडियावरचं पान ते सांभाळत, आणि उद्याच्या बैठकीत त्यांना प्रसिद्धिप्रमुख करणार अशी कुणकुण होती. तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. (बायकोच्या मते ते आधीही फारसे नसत.)

सकाळी त्या माउलीने गळक्या नळाखाली पातेलं ठेवलं, फोटो काढला आणि नागरिकांच्या ग्रुपवर टाकला: ‘महिनाभर सांगतेय, नळ गळतोय. कुणी ऐकेल का?’

नेटवर्करावांचा पारा चढला. घरची लक्तरं वेशीवर! त्यांनी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं: ‘नळ गळत नाही. बाईंना कांगावा करायची सवय आहे.’

फोनवर पक्षाचं खातं उघडं होतं, हे रागाच्या भरात ध्यानात आलं नाही. उत्तर गेलं ते पक्षाच्या चिन्हासकट.

चहा निवायच्या आत वॉर्ड पेटला. ‘बायकांच्या तक्रारी म्हणजे पक्षाला कांगावा वाटतो!’ नेटवर्करावांनी उत्तर पुसलं, पण स्क्रीनशॉट गावभर फिरला होता. विरोधी पक्षाने आपल्या पानावर जाहीर केलं, ‘ताई, आम्ही येतोय!’ आणि आलेही. एक प्लंबर, एक फोटोग्राफर आणि फोटोत मागे उभी राहणारी माणसं.

“काका, जरा बॅटरी धरा,” प्लंबर सिंकखालून म्हणाला.

“मी? अहो, मी दुसऱ्या पक्षाचा!”

“नळाला काय कळतंय? थोडं डावीकडे.”

त्यांनी बॅटरी धरली. लगेच फोटो निघाला.

“हसा की जरा,” बायको म्हणाली. “महिन्यात पहिल्यांदा हात लावताय.”

तासाभरात मथळा झळकला: ‘त्यांचे कार्यकर्तेही आमच्या कामात!’ नेटवर्करावांच्या वर्षभराच्या पोस्टना मिळून पडले नसतील इतके लाइक त्या एका फोटोला पडले. त्यात एक बायकोचा होता.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. खुर्च्या मांडण्यापासून पक्षासाठी राबलेल्या नेटवर्करावांना खरोखरच रडू फुटायच्या बेतात होतं.

“साहेब, चुकलं माझं.”

“पद विसर. पासवर्ड पाठवून दे.”

“पाठवतो.”

मग अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला. “नळ थांबला का रे?”

“थांबला, साहेब.”

“आमचाही गळतोय. ही रोज डोकं खाते. त्या प्लंबरचा नंबर हवा होता.”

नेटवर्कराव ताठ बसले. पक्षाला अजून त्यांची गरज होती तर! “आत्ता देतो, साहेब! लगेच!”

“तुझ्याकडे कुठला असायला? वहिनींना दे फोन.”